वजनकाटेवाल्या बाईंचा पत्ता

तीर्थरूप दादास,

कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे या खेपेचा साष्टांग नमस्कार खुर्चीच्या हाताला धरून बसल्या बसल्याच केला आहे. तो पुरा धरावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या कारखान्यातल्या त्या तार पिळणाऱ्या यंत्राला दुरूनच नमस्कार. (मागच्या खेपेला त्याने माझी बाही ओढली होती, हे मी विसरलेलो नाही.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी घेतोस की नुसती खिशात बाळगतोस? वहिनी फोनवर म्हणाल्या, बाळगतोस. खिशातल्या गोळीने फार तर शर्टाचा रक्तदाब उतरेल, हे मी दातांचा डॉक्टर असूनही खात्रीने सांगतो. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. म्हणजे परवापर्यंत होतो. परवा तुझं पत्र आलं.

त्या पत्रात तू आधी दोन पानं आमच्या सौ. प्राध्यापकबाईंच्या नव्या पुस्तकाबद्दल लिहिली आहेस. पुस्तकाबद्दल कसली, पाचव्या प्रकरणाबद्दल. त्यातल्या वजनकाटे बनवणाऱ्या बाईंनी तुला इतकं झपाटलं आहे, की वहिनींच्या जागी दुसरी कोणी असती तर मला काळजी वाटली असती. तुला त्या बाईंचा पत्ता हवा, त्या भेटायला वेळ देतील का हे हवं, आणि जमलंच तर त्यांच्या कारखान्यात एक दिवस कोपऱ्यात बसून नुसतं बघायला हवं. हे सगळं लिहून झाल्यावर, अगदी 'कळावे'च्या जरा वर, जाता जाता एक ओळ टाकली आहेस, की परदेशातली विक्री तिथल्या एजंटच्या हवाली करतो आहे, महिनाअखेरीस करारावर सही, हा उद्योग आपल्याच्याने होण्यातला नाही. दादा, दाढ दुखते हे लोक असंच सांगतात. अर्धा तास हवापाण्यावर बोलतात आणि निघताना दाराशी म्हणतात, तेवढं जरा बघता का.

ती ओळ वाचून प्राध्यापकबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. त्यांनी तो करार पाहिलेला नाही, पण असले करार त्यांनी पोत्याने वाचले आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं, की आता बाटल्या धुवायच्या तुझ्या ब्रशवर तुझं नाव राहणार नाही, एजंटचं येईल. ब्रशची ती खाचांची मूठ, जिच्या नमुन्यांसाठी तू स्वयंपाकघरातली लाटणी कापून कापून वहिनींचा जीव नकोसा केला होतास, तीही त्याची होईल. आणि त्या देशातल्या बाटल्या धुणाऱ्या एकाही माणसाला पुन्हा कधी तू स्वतः ब्रश विकू शकणार नाहीस. हे सगळं त्या अगदी शांतपणे सांगत होत्या आणि सांगता सांगता माझ्या कपातली कॉफी पीत होत्या. त्यांचा स्वतःचा कप समोर भरलेला होता. एवढं अस्वस्थ मी त्यांना फक्त एकदा पाहिलं आहे, आमच्या लग्नात, आणि तेव्हा कारण मी होतो.

आता पत्त्याचं. तो मला देता येत नाही. का देता येत नाही, हे सांगायचं तर आधी हे संशोधन कसं चालतं ते सांगायला हवं. तू म्हणशील, मीही त्यात मुलाखत दिली आहे, मला काय सांगतोस. पण तू खुर्चीत बसून तोंड उघडलंस, एवढंच. खुर्चीमागे काय चालतं ते पेशंटला दिसत नसतं.

लहान लहान कारखानदार एकदम परदेशात माल विकायला का आणि कसे जातात, हा बाईंचा विषय. त्यांच्या क्षेत्रातले बरेचसे विद्वान घरी बसून छापील प्रश्न पाठवतात. आपण किती धाडसी आहात, एक ते सात यांपैकी आकडा लिहा. सगळे सहा लिहितात. (सात लिहायला लाज वाटते.) आमच्या बाई तसं करत नाहीत. त्या जातात, बसतात, आणि 'का' हा प्रश्न म्हणून विचारत नाहीत. 'का' विचारलं की माणूस भाषण करतो, आणि ते भाषण त्याने नंतर केव्हातरी पाठ केलेलं असतं. त्या विचारतात, की त्या दिवशी सकाळी तुम्ही नेमकं काय केलंत. मग गप्प राहतात. त्यांचं ते गप्प राहणं मी इतकी वर्षं घरी सोसतो आहे, त्यामुळे समोरच्याचं काय होत असेल याची मला कल्पना आहे. एक गृहस्थ तासभर आपल्या दूरदृष्टीबद्दल बोलत होते. बाईंनी एवढंच विचारलं, की परदेशातून पहिला फोन आला तेव्हा तो उचलला कोणी. ते म्हणाले, सासूबाईंनी. पुढची सगळी मुलाखत सासूबाईंचीच झाली, आणि कंपनीची दूरदृष्टी गेली वीस वर्षं कोणाच्या डोळ्यांत आहे ते उघड झालं. दिवसभर मी अशा माणसांत असतो ज्यांना उत्तर देता येत नाही, कारण माझा हात त्यांच्या तोंडात असतो. एक प्रश्न विचारून माणसाला असं मोकळं करणं, हे मला आजवर जमलेलं नाही. मी बायकोचं कौतुक करतो म्हणून तू मला नेहमी हसतोस. हस. मी करणार.

या मुलाखती ऐकून टंकण्याचं काम माझ्याकडे आहे. (पगार नाही. चहा मागितला तर मिळतो.) त्यासाठी बाईंनी माझ्याकडून रीतसर एका कागदावर सही घेतली, की ऐकलेलं कुठेही बोलणार नाही. नवऱ्याकडून कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, नवऱ्याकडून आधी. तेव्हा तुझी मुलाखत मी ऐकली आहे, टंकली आहे, आणि तुझ्या त्या यंत्राच्या खडखडाटातून एकेक शब्द वेचून काढताना माझा डावा कान कायमचा बाद झाला आहे, पण तुझ्यासमोरसुद्धा मी त्यातलं अवाक्षर काढू शकत नाही. तू नात्यातला, म्हणून तुझी मुलाखत घ्यावी की नाही यावरही विद्यापीठाच्या नीतिसमितीत चर्चा झाली होती. मावसदीर हे फारसं जवळचं नातं नव्हे, असा निर्वाळा समितीने दिला. समितीने माझी मावशी, म्हणजे तुझी आई, पाहिलेली नाही.

टंकून झाल्यावर बाई त्या कागदांच्या पट्ट्या कापतात आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवतात. एका रंगात भीती, एकात नशीब, एकात बायकोचा भाऊ, असे काहीतरी गट असतात. वर्षभर आमच्या घरी भिंत अशी नव्हतीच. एकदा मी घामाघूम होऊन आलो आणि पंखा लावला. पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर आलंच असेल. बाई यायच्या आत मी जमिनीवरच्या सगळ्या पट्ट्या उचलून पुन्हा लावल्या, आणि त्याही पहिल्यापेक्षा किती नीट, कवळी बसवावी तशा एका रेषेत. बाईंनी येऊन पाहिलं. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की तुमच्या मांडणीप्रमाणे जगातल्या सगळ्या कारखान्यांची भरभराट मेव्हण्यांमुळे झालेली दिसते. मग पदर खोचून चार दिवस ती भिंत पुन्हा उभी केली. मला एक पट्टीही लावू दिली नाही, हे मात्र खरं.

आणि मग सोंगं. पुस्तकात कोणाचीही ओळख पटता कामा नये, असा दंडक असतो. नाव बदलून भागत नाही. काही धंदे असे असतात, की ते करणारे जगात मोजकेच. मालाचा नुसता उल्लेख केला तरी त्या क्षेत्रातलं कोणीही सांगेल, अरे हा तर अमका. मग साबणवाल्याचा सुतार करावा लागतो. (हे आपलं उदाहरण. साबणवाला नव्हता. सुतारही नव्हता. मी काही बोललेलो नाही.) देश बदलायचा, हवा बदलायची, कधी मालकाची मालकीण करायची, पण झालं ते तसंच्या तसं घडलं पाहिजे. आमच्या बाईंचं यातलं कसब असं, की सोंगाखालचा माणूस तंतोतंत राहतो आणि तरीही ओळखू येत नाही. पुस्तकाचं हस्तलिखित तपासायला तीन परीक्षक होते, तिघेही निनावी. पहिला म्हणाला, उत्तम. दुसरा म्हणाला, पटत नाही. तिसरा म्हणाला, अमक्या विद्वानाचे आठ लेख वाचावेत. (तो विद्वान कोण असावा, हे कळायला संशोधन लागत नाही.) पण सोंगांना तिघांनीही पैकीच्या पैकी गुण दिले.

शिवाय विद्वानांची भाषा. आपल्या घरात ज्याला 'घोळ झाला' म्हणतात, त्याला पुस्तकात 'अनपेक्षित परिस्थितीत हाताशी असलेल्या साधनांचा कल्पक वापर' म्हणतात. 'लाज वाटली म्हणून गेलो' याचं 'ग्राहकाशी दीर्घकालीन बांधिलकी' होतं. हे खोटं नव्हे, बरं का. मीही आधी हसायचो. बाई म्हणतात, माणूस स्वतःच्या डोक्यात काय म्हणत होता ते एक, आणि त्याच्या हातून काय घडलं ते दुसरं. घडलेलं मोजायचं. हे मला आता पटतं. पण आपलीच फजिती अशी इस्त्री करून समोर आली, तर तिच्या धन्यालाही ती आपली वाटणार नाही, हा धोका कोणाच्या लक्षात आला नाही.

आता पाचवं प्रकरण. तुला तोंडपाठ आहे, तरी सांगतो. वजनकाटे बनवणाऱ्या एक बाई. पहिल्यांदाच परदेशी माल पाठवतात, मासळीच्या धक्क्यावर. तिकडच्या पेट्या मोठ्या निघतात, काट्याची परात लहान पडते, सगळा माल वाया. बाई हत्यारांची पेटी घेऊन स्वतः जातात आणि गिऱ्हाइकाच्या गोदामात बसून एकेक परात बदलतात. तिथे बसल्या बसल्या त्यांना दिसतं, की काटा वाचायला लोकांना दर वेळी वाकावं लागतं. परत येऊन तबकडी तिरकी केलेला काटा बनवतात. तोच काटा आसपासच्या बंदरांत जातो, आणि बाई न बोलावता पुन्हा तिकडे जातात, कशाला, तर लोकांची पाठ दुखायची थांबली का ते बघायला. यावर तू काय लिहिलंस? की तुझेही ब्रश त्या लोकांच्या बाटल्यांच्या गळ्यात शिरले नव्हते. तूही कात्री घेऊन गेलास आणि त्यांच्या गोदामात बसून ब्रशचे केस छाटलेस. पण बाई विचार करून गेल्या, आणि तू गेलास ते शरमेने, शिवाय कारखान्यात दुसऱ्या कोणाकडे पासपोर्ट नव्हता म्हणून. ओल्या हातातून ब्रश निसटतो म्हणून तिथल्या बायका दांड्याला चिंधी गुंडाळतात, हे तुलाही दिसलं, पण बाईंनी ते अभ्यासाने टिपलं आणि तुला ते आपलं बसल्या बसल्या दिसलं. दुसऱ्यांदा बाई धोरण म्हणून गेल्या, तू गेलास कारण चैन पडेना. म्हणून बाई कुठे आणि आपण कुठे. पुस्तकात ब्रशचं नावही नाही, ते योग्यच झालं. ज्याला काटेवाल्या बाईंसारखं जमतं त्यानेच परदेशात जावं, बाकीच्यांनी एजंट धरावा.

दादा, हे वाचताना मी मोठ्याने हसलो. मग हसू मावळलं. बाकी काही लिहीत नाही, सही केलेली आहे.

प्राध्यापकबाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नीतिसमितीची तातडीची बैठक मागितली. प्रश्न एका सहभागी कारखानदाराचा होता. (कुठल्या, ते विचारायचं नाही.) तो स्वतःला न ओळखल्यामुळे स्वतःचं नुकसान करून घ्यायला निघाला आहे, तर त्याची ओळख निदान त्याला तरी सांगावी का? समितीतले वकील म्हणाले, ओळख 'कोणाही व्यक्तीस' सांगू नये असा नियम आहे, आणि सदर गृहस्थ व्यक्ती आहेत. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, ज्याला आपली स्तुती आपली वाटत नाही तो आणि ज्याची स्तुती केली आहे तो हे एकच, असं आपण कशावरून धरून चालतो. यात तास गेला. संख्याशास्त्राच्या बाईंनी विचारलं, असं किती वेळा घडतं. आजवर कधीच नाही, असं उत्तर आल्यावर त्या म्हणाल्या, मग दखल घेण्याजोगं नाही. शेवटी एक उपसमिती नेमली. ती पुढच्या महिन्यात बसेल. तुझी सही या महिनाअखेरीस आहे. (या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

तेव्हा पत्ता मिळायचा नाही. त्या काटेवाल्या बाईंविषयी मी माझ्या जबाबदारीवर एवढंच सांगतो, की त्यांना आपण फार मोठं काही केलं असं मुळीच वाटत नाही. त्यांनी सगळी हकीकत एक जुनी फजिती म्हणून सांगितली, तीही अर्धी गिळून, आणि मध्येच म्हणाल्या की हे छापू नका, लोक हसतील. मी टंकत होतो. लोकांना हसू येईल असं त्यात काही नव्हतं. चष्मा पुसायला मला दोनदा थांबावं लागलं. ओळखीतला माणूस आपल्याला आयुष्यभर ठाऊक असतो, लहानपणी त्याने आपल्याला सायकल शिकवताना नाल्यात पाडलेलं असतं, आणि तरीही परक्या देशात, भाषा येत नसताना, एका ओल्या गोदामात तो मान खाली घालून बसला होता आणि आपला बिघडलेला माल एकेक करून नीट करत होता, हे आपल्याला टंकताना कळतं. (सायकलीचं वाक्य खोडलेलं समजावं. ते चुकून आलं.)

बाकी क्षेम. गोळी घेत जा. वहिनींना सांग, की तुला परस्पर पेन देऊ नये.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र लिहिलं ते खरं तर या कामासाठी. सहभागी माणसाने मागितली, तर त्याच्या स्वतःच्या मुलाखतीची टंकलेली प्रत त्याला द्यावीच लागते, असाही एक नियम आहे. समितीची गरज नाही, उपसमितीचीही नाही. तू दोन ओळींचं पत्र टाक, 'माझ्या मुलाखतीची प्रत पाठवावी.' उलट टपाली मिळेल. करारावर सही करण्याआधी टाक. आज टाक.

ता. क. २. प्रत आल्यावर ती आणि पाचवं प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचू नये. वाचलंच, तर 'काटा' असेल तिथे 'ब्रश' आणि 'परात' असेल तिथे 'केस' असं मनातल्या मनातही घालून बघू नये. मी तुला असं काही सुचवलं नव्हतं, हे लेखी देतो.

ता. क. ३. भावजी, सा. नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. एवढी पानं भरून ह्यांनी माझा नियम जेमतेम वाकवला आहे. मी तो मोडते. पाचव्या प्रकरणातल्या बाई तुम्ही आहात. समितीला मी स्वतः जाऊन सांगेन, मग त्यांना मला जे काय विचारायचं ते विचारू देत. सही करू नका. त्या प्रकरणाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, 'असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.' परीक्षकांनी ते काढायला लावलं. अवघ्या अकरा जणांच्या अभ्यासावरून असं म्हणता येत नाही, असा शेरा होता. म्हणता येतं.